उरलेले सत्तावन्न कुठून आणायचे?

एम. ए. भाग दोनच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या लघुप्रबंधाचा विषय 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील स्मार्टफोनच्या अतिवापराचा एकाकीपणावर होणारा परिणाम'. गाइडनी २०० चं सँपल घ्यायला सांगितलंय. तिने गूगल फॉर्म करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर टाकला, खाली 'प्लीज पुढे पाठवा' लिहिलं, आणि अकरा दिवसांत १४३ जणांनी तो भरला. त्यात ११२ मुली आणि ३१ मुलं. आता फॉर्म यायचे थांबलेत. पद्धतीच्या प्रकरणात 'यादृच्छिक नमुना निवड' (रँडम सँपलिंग) लिहिलं तर चालेल का, उरलेले ५७ कुठून आणायचे, आणि नाहीच मिळाले तर १४३ वर भागेल का, असं ती विचारते. मैत्रिणीचं म्हणणं, शेवटचे पन्नासेक आपणच बसून भरू, सगळे तेच करतात.

मैत्रिणीचा सल्ला आधी निकालात काढते. पंचवीस वर्षं एम. ए.च्या वर्गाला संशोधन पद्धती शिकवतेय, आणि असे फॉर्म ओळखायला फार हुशारी लागत नाही. गूगल फॉर्म प्रत्येक उत्तराची वेळ नोंदवून ठेवतो हे भरणाऱ्याच्या लक्षातच नसतं. एकदा एका मुलाच्या शीटमध्ये रात्री ११.१० ते ११.३५ या वेळात एक्केचाळीस जणांनी फॉर्म भरलेला दिसला, आणि एक्केचाळीसही जणांना, लक्ष देऊन भरतात का हे कळावं म्हणून मुद्दाम घातलेली उलट्या अर्थाची विधानं आली की सुलट्या विधानांसारखीच उत्तरं द्यावीशी वाटली होती. खरी माणसं विसंगत असतात, पण इतकी एकसारखी विसंगत नसतात. तो मुलगा पुढे चांगला समुपदेशक झाला, म्हणून गोष्ट इथेच थांबवते.

आता तुमच्याकडे वळू. तुम्ही 'किती' विचारलंत, आणि ते उत्तर त्यामानाने सोपं आहे. अवघड प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: हे १४३ जण कोण आहेत, आणि त्यांच्यात कोण नाही?

संख्येचं उरकून घेऊ. तुमचं मुख्य काम फोनवापर आणि एकाकीपणा या दोन चलांमधला सहसंबंध काढायचं, म्हणजे एक बदललं की दुसरं कितपत बरोबरीने बदलतं ते पाहायचं. समजा तो ०.३० आला. १४३ जणांवर त्याचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, साधारण ०.१४ ते ०.४४ असेल. २०० जणांवर तो ०.१७ ते ०.४२ होईल. म्हणजे सत्तावन्न जणांच्या मागे महिनाभर धावून तुम्ही दोन्ही टोकांना दोन-तीन शतांश कमावणार. ०.३० एवढा सहसंबंध ८० टक्के पॉवरने, म्हणजे तो खरंच असेल तर दहापैकी आठ वेळा हाती लागेल अशा ताकदीने, पकडायचा तर ८५ जण पुरतात. तोच ०.१० इतका बारीक असेल तर ७८० च्या वर माणसं लागतात, मग २०० सुद्धा तोकडेच. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ०.२३ च्या वर काही असेल तर तुमचे १४३ ते दाखवतील. २०० झाले तर ही रेघ ०.२० वर येईल, एवढाच फरक.

मग २०० हा आकडा आला कुठून? खरं सांगू का, बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या प्रबंधातून येतो, आणि मागच्या वर्षी त्याच्या मागच्या वर्षीच्या प्रबंधातून आलेला असतो. काही विद्यापीठांत अभ्यासक्रमातच किमान संख्या दिलेली असते. तसं असेल तर वाद न घालता ती पूर्ण करा. नुसती प्रथा असेल तर वरचा हिशेब कागदावर मांडून गाइडना दाखवा. बहुतेक गाइड ऐकतात, हिशेब आधी कोणी दाखवलेला नसतो इतकंच.

कोणीतरी तुम्हाला ३८४ हाही आकडा सांगेल. तो टक्केवारीसाठी आहे. मोठ्या समष्टीत, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सगळ्या लोकांत, 'किती टक्के लोकांना अमुक वाटतं' हे पाच टक्के इकडेतिकडे, ९५ टक्के खात्रीने सांगायचं असेल तेव्हा लागणारा. शिवाय नमुना खरोखर यादृच्छिक असेल तरच तो लागू. तुम्ही टक्केवारी काढत नाही आहात, तेव्हा त्याच्या नादी लागू नका.

एका ठिकाणी मात्र संख्या अडवेल. 'मुलगे आणि मुली यांच्या एकाकीपणात फरक आहे' अशी परिकल्पना तुम्ही घेतलेली असणारच, सगळेच घेतात. ११२ आणि ३१ यांची तुलना ही ताकदीने प्रत्येकी ४८-४९ जणांच्या तुलनेएवढी भरते. मध्यम आकाराचा फरक पकडायला मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेनच्या हिशेबाने प्रत्येक गटात ६४ जण हवेत. तेव्हा 'फरक आढळला नाही' असा निकाल आला, तर तो फरक नाही म्हणून की मुलं कमी होती म्हणून, हे तुम्हाला सांगता येणार नाही. ही परिकल्पना काढा, किंवा मुलांची संख्या वाढवा.

आता 'कोण'. तुम्ही फोनच्या अतिवापराचा अभ्यास करताय आणि फॉर्म फोनवर पाठवलाय. तो कोणापर्यंत पोचला? जो ग्रुपात आहे, ग्रुप उघडतो, वीस-बावीस प्रश्न स्क्रीनवर संपवण्याइतका वेळ फोनवर काढतो त्याच्यापर्यंत. ज्या मुलीच्या घरी एकच फोन आहे आणि तो संध्याकाळी भावाकडे असतो, ती तुमच्या १४३ मध्ये नाही. दुसरीकडे, जो मुलगा खरोखर एकाकी आहे, ज्याला कोणी ग्रुपात घेतलेलं नाही किंवा ज्याने ग्रुप म्यूट करून ठेवलेत, तोही नाही. फोन कमी वापरणारे एका टोकाने गळाले आणि फार एकाकी असलेले दुसऱ्या टोकाने. तुमच्या दोन्ही चलांच्या शेपट्या छाटल्या गेल्या.

शेपट्या छाटल्या की सहसंबंध बहुधा आक्रसतो. पोलीस भरतीच्या मैदानावर उंचीची अट पार करून आलेल्या मुलांमध्येच उंची आणि लांब उडीचा संबंध शोधायला गेलात तर तो फिका दिसेल, कारण बुटकी मुलं फाटकाबाहेरच राहिली. आपण सँपल फक्त आकड्याने मोजतो, म्हणून हे नुकसान दिसत नाही. १४३ चे १,४३० केलेत आणि सगळे ग्रुपावरूनच आणलेत, तरी फाटकाबाहेरचा बाहेरच राहील.

हे मला फार लहान वयात कळायला हवं होतं, कारण या गोष्टीचा एक मोठा माणूस आपल्याच मातीतला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. १९४० च्या दशकात ते पीक-कापणीच्या नमुना पाहण्यांवर काम करत होते. शेतात एक तुकडा आखायचा, तेवढ्यातलं पीक कापून वजन करायचं, आणि त्यावरून एकरी उत्पादन काढायचं. तुकडा लहान असला की काम झटपट होतं, म्हणून लहान तुकड्यांचा आग्रह होता. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्याला त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त असते. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न सारखा येतो, आणि कापणाऱ्याचा हात ते रोप आत ओढतो. कोणी लबाडी करत नसतं, तरी उत्पादन फुगतं. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी त्यांचा यावरून चाललेला वाद आपल्याकडच्या संख्याशास्त्रात आजही सांगितला जातो. मुद्दा असा की असे शंभर तुकडे कापा नाहीतर हजार, प्रत्येक तुकडा एकाच बाजूला चुकतो. सरासरी काढून ती चूक जात नाही. उलट संख्या मोठी म्हणून आपल्याला जास्त खात्री वाटायला लागते, हे त्यातलं वाईट.

मानसशास्त्रातलं उदाहरण हवं असेल तर ते मार्शमॅलोचं (एक मऊ गोड गोळी) घ्या, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास उपयोगी पडतं. समोरची गोळी लगेच न खाता जी मुलं थांबतात ती पुढे अभ्यासात चांगली निघतात, हे वॉल्टर मिशेल यांचं काम स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरीतल्या मुलांवर झालं होतं. विद्यापीठाच्या वर्तुळातल्या, खाऊन-पिऊन सुखी घरांतली ती मुलं. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९०० हून जास्त, कितीतरी वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची माहिती तपासली. संबंध आधीच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला. ज्या घरात उद्या डबा भरलेला असेल याची खात्री नाही, तिथलं मूल आजची गोळी आज खातं, त्याला संयमाचा अभाव म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न. पण तो प्रश्न सुचायलाही तसं मूल नमुन्यात असावं लागतं.

'यादृच्छिक' या शब्दाने आपल्या मुलांची फार फसगत केली आहे. त्यात त्यांना 'इच्छा' ऐकू येते, आणि 'आपल्या इच्छेने, जो भेटेल तो' असा अर्थ ते लावतात. कँटीनच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडून फॉर्म भरून घेतले, लिहिलं 'यादृच्छिक'. खरा अर्थ याच्या अगदी उलटा आहे. यादृच्छिक निवडीत तुमची इच्छा, तुमची ओळख, तुमचा संकोच, कशालाच जागा नसते. आधी सगळ्यांची यादी हवी, यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची शक्यता माहीत हवी, आणि निवड आकड्यांनी करायची. यादी नाही तर यादृच्छिक नाही, इतकं लक्षात ठेवलंत तरी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: तुमचा नमुना यादृच्छिक नाही. तो सोयीस्कर नमुना आहे, म्हणजे जे सहज मिळाले ते घेतले, आणि 'पुढे पाठवा' म्हटल्यामुळे त्यात हिमगोल नमुन्याचा (स्नोबॉल, एकाने दुसऱ्याला आणायचं) अंश आहे. असं लिहिण्यात कमीपणा नाही. मानसशास्त्रातला बराचसा अभ्यास अशाच नमुन्यांवर उभा आहे, फक्त तसं म्हणावं लागतं.

माझीच गोष्ट सांगते. एम. फिल.ला माझा विषय होता बारावीच्या मुलांची परीक्षेची चिंता. तालुक्याच्या गावातलं एक कनिष्ठ महाविद्यालय, एका तुकडीच्या पटावर ९४ नावं. मी शनिवारी सकाळी वर्गावर गेले, ६१ जण हजर होते, सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि खूश होऊन एसटीने परत आले. चिंतेची सरासरी अगदी मध्यम आली. मी दोन पानं लिहिली, ग्रामीण मुलं कशी कणखर असतात वगैरे. व्हायवात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी चष्मा वर करून एकच विचारलं, "बाई, उरलेले तेहतीस त्या दिवशी कुठे होते?" मला माहीत नव्हतं. नंतर परत जाऊन चौकशी केली. काही कापूस वेचायला गेले होते, काही उगाच आले नव्हते. पण सहा-सात जण असे निघाले की त्या शनिवारी पहिल्या तासाला चाचणी होती म्हणूनच ते आले नव्हते. परीक्षेला घाबरणारी मुलं परीक्षेच्या भीतीने गैरहजर, आणि मी हजर असलेल्यांना विचारत होते, भीती वाटते का रे?

म्हणून तुमच्या सत्तावन्नांबद्दल माझं म्हणणं असं. भरायचेच आहेत ना ते? मग ग्रुपावरून नको, हजेरीपटावरून भरा.

महाविद्यालयाच्या कार्यालयातून, प्राचार्यांच्या परवानगीने, विद्यार्थ्यांची यादी मिळवा. नावं नको म्हणाले तर नुसते वर्ग आणि रोल नंबरही चालतील. समजा १,२०० जण आहेत. सगळे येणार नाहीत, नकारही मिळतील, म्हणून ७५ निवडा. दर सोळावा नंबर घ्यायचा. सुरुवात कुठून करायची ते १ ते १६ च्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. समजा ५ निघाला, तर ५, २१, ३७, ५३ असं शेवटपर्यंत जा. याला क्रमबद्ध यादृच्छिक निवड म्हणतात. एक्सेलमधल्या रँडबिट्वीनने काढलेत तरी हरकत नाही, पण चिठ्ठ्या टाकताना वर्गातल्या दोघांना साक्षीला बसवा, मजाही येते. यादी कशी लावलेली आहे तेवढं पाहा. बऱ्याच ठिकाणी पटावर आधी मुली, मग मुलगे असतात. क्रमाने नंबर घेत गेलात तर ते फायद्याचंच आहे, दोन्हीकडचे आपोआप त्या-त्या प्रमाणात येतात. कला, वाणिज्य, विज्ञान वेगळे हवे असतील तर प्रत्येक शाखेची यादी वेगळी करून तिच्या संख्येच्या प्रमाणात काढा. त्याला स्तरित म्हणायचं.

मग खरं काम. निवडलेला नंबर म्हणजे तोच विद्यार्थी, त्याच्या बाकावरचा शेजारी नव्हे. "मॅडम, तो नाही आलाय, मी भरू का?" असं हमखास विचारतात, आणि नाही म्हणणं जिवावर येतं. तरी नाहीच म्हणायचं. प्रत्येकासाठी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीन खेपा करा. सापडला, नाही सापडला, नको म्हणाला, हे वहीत लिहून ठेवा. प्रबंधात ही वही तुमच्या कितीतरी तक्त्यांपेक्षा जास्त बोलेल. प्रश्नावली कागदावर द्या, नाव घेऊ नका, आणि भरताना त्यांच्या सरांना शेजारी बसवू नका. नंबर निघाला म्हणून कोणावर सक्ती नाही. संमती सगळ्यांची घ्यायची, अठराच्या आतल्यांच्या पालकांची सुद्धा. एकाकीपणाचं विचारताय म्हणून शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा. एखाद्याला खरंच गरज असते.

हे सत्तावन्न हाती आले की १४३ मध्ये लगेच मिसळू नका. शीटमध्ये एक रकाना वाढवा, 'ग्रुप' की 'पट'. दोन्ही गटांचं फोनवापराचं प्रमाण, एकाकीपणाची सरासरी आणि त्यांचा पसारा शेजारी शेजारी ठेवून पाहा. सारखे निघाले तर एकत्र करण्याला तुमच्याकडे निदान काही आधार आहे. वेगळे निघाले तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या प्रबंधातली सगळ्यात वाचनीय गोष्ट तीच असेल. एकट्या सत्तावन्नांवर सहसंबंधाचा अंदाज सैल येतो, ०.३० असेल तर ०.०४ ते ०.५२ इतका. पण तो अंदाज कुठल्या समष्टीचा आहे हे तुम्हाला ठामपणे सांगता येतं. १४३ बाबतीत ते येत नाही.

हे सगळं तुमच्या महाविद्यालयात जमेल की नाही ते मला इथून सांगता येणार नाही. यादी द्यायला कार्यालय तयार होईल का, सबमिशनला किती आठवडे उरलेत, गाइडचा स्वभाव कसा, यावर ते आहे. तीन आठवड्यांच्या आत द्यायचं असेल तर पटाचा नाद सोडा, १४३ वरच थांबा, आणि मर्यादा स्पष्ट लिहा. माझ्या मते तेही वाढवून-फुगवून २०० करण्यापेक्षा बरं.

विषयाच्या नावाबद्दल एक सांगायचं राहिलं. 'एकाकीपणावर होणारा परिणाम' हे तुमच्या अभ्यासात दिसूच शकत नाही. फोनमुळे माणूस एकटा पडतो की एकटा पडलेला फोन हातात घेतो, हे एकाच वेळी भरलेल्या फॉर्मवरून कळणार नाही. परिणाम म्हणायला तुम्हाला मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागले असते आणि एका गटाचा फोनवापर काही आठवडे कमी करावा लागला असता. चिठ्ठ्यांनी गट पाडणं आणि चिठ्ठ्यांनी नमुना निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कार्यकारणासाठी, दुसरी निष्कर्ष कोणाला लागू होतो यासाठी. एक्स्टर्नल हा फरक विचारतात आणि नव्वद टक्के मुलं इथे गडबडतात. विषय नोंदवून झाला नसेल तर 'परिणाम' काढून 'संबंध' करून घ्या. झाला असेल तर नाव राहू द्या, पण उद्दिष्टांत आणि निष्कर्षांत 'संबंध'च लिहा.

पद्धतीच्या प्रकरणात साधारण असं येऊ द्या: 'अमुक महाविद्यालयातील पदवीच्या विद्यार्थ्यांमधून व्हॉट्सॲप ग्रुपांद्वारे १४३ जणांचा सोयीस्कर नमुना घेण्यात आला. त्याच महाविद्यालयाच्या पटावरून क्रमबद्ध यादृच्छिक पद्धतीने ७५ जण निवडले, त्यांपैकी ५७ जणांनी प्रश्नावली भरली, ११ सापडले नाहीत, ७ जणांनी नकार दिला.' आकडे अर्थात तुमचे घाला. मात्र तुमचा ग्रुपचा फॉर्म दुसऱ्या महाविद्यालयांत, दुसऱ्या गावांत गेला असेल, आणि 'पुढे पाठवा' म्हटलंय म्हणजे गेलाच असेल, तर पहिलं वाक्य खोटं ठरेल. फॉर्ममध्ये महाविद्यालयाचं नाव विचारलं होतंत का ते पाहा. असेल तर तुमच्या महाविद्यालयाचे वेगळे काढून तुलना फक्त त्यांच्याशी करा.

आणि फॉर्म मराठीत होता की इंग्रजीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एकाकीपणाची मापनश्रेणी मूळ इंग्रजी असेल आणि तुम्ही किंवा मैत्रिणीने भाषांतर केलं असेल, तर 'एकटं असणं' आणि 'एकाकी वाटणं' एकाच शब्दाने आलंय का ते आधी तपासा. वसतिगृहातली मुलगी खोलीत एकटी असते, पण खूश असू शकते. ते भाषांतर इथे टाका, पाहून सांगते.